गार असताना सुटत नाही

ही गोष्ट मी सात वर्षं सांगायची टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण मला कुणी काही विचारलंच नाही. उलट लोकच मला ती सांगतात. परवा आळेफाट्याला चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेलो होतो. शेजारच्या गॅरेजात एक फिटर गिऱ्हाइकाला रेडिएटरचा टाका दाखवत म्हणत होता, “गार असताना न्हाई सुटत, राव. गरम झाल्यावर सुटतं. आमच्याकडचे एक जुने मिस्तरी म्हणायचे.”

ते जुने मिस्तरी म्हणजे मी. त्याच्यापासून चार हातांवर बिनचष्म्याचा उभा होतो.

वाक्य तसं खोटं नाही. कधी कधी खरंही ठरतं. पण ज्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं त्या दिवशी ते खोटं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. आता त्याची म्हण झाली आहे. म्हणीला मागे कसं बोलवायचं हे मला कळत नाही. म्हणून लिहितो.

वारूळवाडीच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. चाळीस वर्षं मी डिझेल पंप उघडले आणि बसवले. ट्रॅक्टर, ट्रक, टोमॅटोच्या पिकअप. गाडी ओढत नाही म्हणून कुणी आलं की मी पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवायचो, थोडा काळा धूर निघायचा, गाडी चढ चढायची, गिऱ्हाईक चहा पाजायचं. एवढं माझं शास्त्र. त्याच्यावर माझं घर चाललं आणि त्याचा मला गर्वही होता, हे आधीच सांगून टाकतो.

बैलगाड्यांच्या शर्यती कोर्टाने बंद ठेवल्या होत्या त्या काळातली ही गोष्ट. आमच्या जुन्नर-आंबेगावात ज्याच्या दावणीला शर्यतीचे बैल असतात तो माणूस गावात वेगळा चालतो. शर्यती बंद झाल्या, बैल नुसते पेंड खात उभे राहिले आणि या माणसांच्या अंगातली रग जिरेना. मग ती मोटारींवर निघाली. माझ्या गॅरेजात येणारा एक बागायतदार होता, पस्तिशीचा, घरची द्राक्षं. त्याने टर्बो पेट्रोलची छोटी पांढरी गाडी घेतली. कंपनीने चांगली बनवून दिलेली गाडी. ती याला चांगली असून चालत नव्हती.

आधी पुण्याला जाऊन लॅपटॉपवाल्याकडून त्याने गाडीचा कॉम्प्युटर बदलून आणला. मग मागचा सायलेन्सर काढला. मग टर्बोला असा एक व्हॉल्व्ह बसवला की पाय उचलला की गाडी मांजरीसारखी फिस्कारायची. याचा उपयोग काय, असं मी विचारलं.

“मिस्तरी, आवाज हाय त्यो.”

“ते कळलं. करतो काय?”

“आवाजच करतो.”

असल्या माणसाशी पुढे काय बोलायचं? रस्त्याने तो फिस्कारत आला की माझ्या गॅरेजसमोरचं कुत्रं उठून मागच्या बाजूला जायचं. मलाही जावंसं वाटायचं, पण गॅरेज माझं होतं.

हवेची पेटी काढून त्याने उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला होता. शर्यतीच्या बैलांवर भंडारा उधळायची आपली पद्धत. हा प्रत्येक वेळी बॉनेट उघडून इंजिनावर मूठभर भंडारा टाकायचा. उघड्या फिल्टरवर हळद गेली की फिल्टर तुंबतो, हे मी त्याला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, “देवाचा हाय.” मी फिल्टर काढून झटकायचो. माझ्या नाकाचे केस पिवळे झाले होते.

एक काम मात्र त्या गाडीवर खरोखर उत्तम झालं होतं. टर्बोने दाबलेली हवा गरम होते, ती गार करायला पुढे एक जाळी असते. ती मोठी जाळी आणि तिथवरचे अॅल्युमिनियमचे पाइप जुन्नरच्या चाचांनी बनवले होते. चाचांच्या घराण्यात पूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांना डाग देत, कल्हई करत. ते काम संपलं तेव्हा चाचांनी आरगन वेल्डिंग शिकून घेतलं, म्हणजे अॅल्युमिनियमला टाका घालायचं वेल्डिंग. दुधाचे कॅन, फवारणीच्या टाक्या, असलं काम करता करता या मोटारवेड्यांचे पाइप त्यांच्याकडे येऊ लागले. मंचर, नारायणगाव, मग पुण्याचीही पोरं येऊ लागली. चाचांचा टाका असा पडायचा की नाणी एकावर एक सरकवून ठेवलीत असं वाटावं. पाइप झाला की दोन्ही तोंडं बंद करून, आत हवा भरून, पाण्याच्या टाकीत गिऱ्हाइकासमोर बुडवायचे. बुडबुडा आला नाही की पुसून हातात द्यायचे. तेव्हा ते पन्नाशीच्या पुढचे होते. आयुष्यभर दुसऱ्याची फुटकी भांडी सांधून झाल्यावर पहिल्यांदा ते नवीन काहीतरी बनवत होते, आणि त्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मला म्हणाले होते, “मिस्तरी, लोक कॅन घरात लपवून ठेवत्यात. पाइपचा फोटो काढून मोबाईलवर लावत्यात.”

मग मंचरच्या कुणाच्या तरी गाडीचा व्हिडिओ आला. ती गाडी आमच्या बागायतदाराच्या गाडीपेक्षा तेवढ्याच अंतरात कमी सेकंदात गेली होती. झालं. आठवडाभर हा रोज सकाळी माझ्या दारात.

“मिस्तरी, वढ न्हाई.”

“वढ लई हाय. तुमाला गप बसवत न्हाई.”

“मंचरवाला हासतोय मला.”

“हासू द्या. दात त्याचे हायेत.”

सातव्या दिवशी तो वैतागून म्हणाला, “जाऊ द्या. तुमच्या पान्याचं काम न्हाई ते. आता लॅपटॉपचा जमाना हाय, तुमचा झाला.” आणि गाडी माझ्याकडे टाकून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला, ब्रेकचं तेल बदला म्हणून.

तुमचा झाला. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या घरचे ट्रॅक्टर मी ओढते ठेवले त्याने मला हे सांगावं.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. किती कोंबायची हे एक झडप ठरवते, आणि त्या झडपेला बोटभर लांबीचा एक रॉड असतो. रॉडवर नट. नट आवळला की झडप उशिरा उघडते आणि हवा वाढते. पुण्याच्या माणसाने तो नट बसवून त्यावरून रॉडपर्यंत लाल रंगाची रेघ मारली होती, कुणी हलवू नये म्हणून. मी तो दोन आटे आवळला. कुणाला सांगितलं नाही. गाडी जिंकली की मग चारचौघांत सांगणार होतो, लॅपटॉप नव्हे, पाना. पंपाला मी पाव आट्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. इथे दोन दिले. मला पेट्रोलचं काही कळत नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं.

शर्यत म्हणजे अधिकृत काही नव्हती. मंचरच्या बाहेरून नवा रस्ता होत होता, अजून रहदारी सुरू नव्हती. अवसरीच्या अंगाला त्याचा एक सरळ तुकडा होता. सकाळी सातला पन्नास-साठ माणसं जमली. बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सेकंद मोजायचं घड्याळ लावणारा माणूस आपलं घड्याळ घेऊन आला होता, तोही बिचारा रिकामाच होता. घाटातला निवेदकसुद्धा माइक घेऊन हजर. सवयीने तो बोलत सुटला, “पांढऱ्या जोडीची बारी सुटतीय मंडळी, बारी सुटतीय, ल्हान पोरं मागं घ्या, झेंडा बघा झेंडा.” बारी म्हणजे बैलजोडीची धाव. इथे जोडी कुठली? चार चाकांची एकटी गाडी. पण त्याला थांबवणार कोण?

बागायतदाराने बॉनेट उघडून भंडारा टाकला. मी कपाळाला हात लावला.

गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा. मी कान देऊन ऐकत होतो आणि खोटं कशाला सांगू, छाती फुगली. गाडी खरंच वेगळी ओढत होती. तिसऱ्या गिअरला इंजिनातून खडे ओतल्यासारखा आवाज आला, मग एकच फटका, आणि मागून निळा धूर. गाडी धापा टाकत कडेला थांबली. निवेदक म्हणाला, “बारी बाद.” आणि माइक खाली ठेवला.

आम्ही सगळे पळत गेलो. बागायतदार स्टिअरिंग धरून बसला होता. “मिस्तरी, काय झालं?”

बॉनेट उघडलं. मला उघडायच्या आधीच कळलं होतं. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, पिस्टन फुटला. माझ्या भोवती वाकलेली पन्नास डोकी. आत भंडारा सगळीकडे. क्षणभर मला वाटलं, म्हणावं फिल्टर तुंबला. पण या तालुक्यात भंडाऱ्याला दोष देण्याची माझी छाती नव्हती. मग माझी नजर त्या चकचकीत पाइपवर गेली. त्याच्यावर बोट ठेवून मी म्हणालो, “टाका सुटला. दाब गेला, टर्बो बेफाम फिरला, इंजिन तापलं.”

चाचांना दोष द्यायला छाती लागली नाही. ते तिथे नव्हते, जुन्नरला होते, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. हे मी तेव्हा मोजून-मापून केलं असं नाही. पण बोट आपोआप तिकडे गेलं, दुसरीकडे कुठे गेलं नाही, यातच सगळं आलं.

गाडी ओढून माझ्या गॅरेजात आणली. सगळे गेल्यावर मी नट दोन आटे सैल केला आणि लाल रेघ रेघेला लावली.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. मोपेडवर पुढे दोन दुधाचे कॅन होते, पोचवायचे असावेत. बागायतदार तिथेच होता, त्याचे चार-पाच सोबतीही. चाचांनी कुणाशी हुज्जत घातली नाही. फक्त म्हणाले, “मिस्तरी, पाइप काढून द्या. बघू आपुन.”

मी पाइप काढून दिला. पंक्चर बघायची माझी टाकी होती, तिच्यातलं पाणी काळं झालेलं. चाचांनी ते ओतून दिलं, स्वच्छ पाणी भरलं. पाइपची तोंडं रबराने बंद केली, हवा भरली, पाइप पाण्यात दाबून धरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मी शंभरपर्यंत तरी मोजलं असेल. एक बुडबुडा नाही. चाचांनी पाइप फिरवून दुसऱ्या अंगाने धरला. पाणी स्थिर होतं. त्यात आमची तोंडं दिसत होती.

बागायतदाराने माझ्याकडे बघितलं. “मिस्तरी, हे तर न्हाई सुटत.”

तेव्हा सांगता आलं असतं. ‘माझी चूक झाली असंल,’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं, नटाचं नावही काढायची गरज नव्हती. मी म्हणालो, “गार असताना न्हाई सुटत, चाचा. गरम झाल्यावर सुटतं.”

गार पाण्यात तपासणाऱ्या माणसाला मी असं काही सांगितलं होतं की जे त्याला तिथे खोडताच येणार नव्हतं. सोबत्यांपैकी एकाचा मोबाईल चालूच होता. चाचांनी पाइप स्वतःच्या खांद्यावरच्या रुमालाने पुसला. “असं असंल तर मला ठाऊक न्हवतं,” म्हणाले, आणि कॅन वाजवत निघून गेले.

व्हिडिओ आठवडाभरात सगळीकडे गेला. पाण्यात बुडबुडा नाही हे त्यात स्वच्छ दिसतं. पण लोकांनी ते बघितलं नाही, माझं वाक्य ऐकलं. पाइपचं काम जुन्नरला येणं थांबलं. पुण्याची पोरं तर लगेच थांबली. चाचांच्या दुकानात पुन्हा कॅन आणि टाक्या.

बागायतदाराने गाडी विकून टाकली. पुढे शर्यती सुरू झाल्या, त्याचे बैल पळू लागले, आणि त्याच्या डोक्यातून टर्बो असा गेला की जणू कधी नव्हताच. मध्ये भेटला तर मलाच सांगतो, “त्या चाचाने आपली गाडी घालवली बघा.” आपली. मी मान हलवतो. दर वेळी घरी येऊन बायकोवर चिडतो.

बायकोला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ती म्हणाली, “मला काय सांगता? जुन्नर काय काशीला हाय का?”

मी गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून घरातला दुधाचा धड कॅन घेतला, त्याला बुडाशी खिळ्याने भोक पाडलं आणि तो घेऊन गेलो. बायकोने भोक पाडताना बघितलं. “शाबास,” एवढंच म्हणाली.

चाचांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. दुकानात एक नवीन गोष्ट होती. पाण्याच्या टाकीखाली गॅसची मोठी शेगडी. त्यांनी माझ्या कॅनला टाका घातला, शेगडी पेटवली आणि पाण्याला वाफ येईपर्यंत थांबले. मग चिमट्याने कॅन उकळत्या पाण्यात बुडवला.

“हे काय आता?” मी विचारलं.

“गरम करूनच बघतो आता सगळं,” ते म्हणाले. “मिस्तरी, त्या वेळी मी लई इचार केला. पंधरा दिवस झोप न्हवती. तुमी म्हणला ते बराबर व्हतं. मी आयुष्यभर गार पाण्यात बघत आलो. किती लोकांचं नुकसान झालं असंल, अल्लाला माहीत. त्या गाडीचं तर झालंच. लोकांसमोर तुमाला बोलायला लागलं, तुमालाबी बरं वाटलं नसंल. माझं चुकलं. माफ करा.”

त्यांनी हात जोडले. हाताला भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही त्याच आठवड्यातले.

मी म्हणालो, “जाऊ द्या, चाचा. व्हतं असं.”

ज्याची माफी मागायला गेलो होतो, त्याला माफी देऊन आलो. कॅन घेऊन घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, “सांगितलं?” मी कॅन तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “ह्याचं भोक बुजलं. तुमच्या तोंडालाबी टाका घालून दिलाय काय त्यांनी?”

त्यानंतर मी चार-पाच वेळा गेलो. ईदला गेलो, घर भरलेलं होतं, शीरखुर्मा पिऊन आलो. एकदा दुकान बंद होतं, आणि मला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच चीड आली. एकदा निम्म्या वाटेवरून परत आलो आणि बायकोला सांगितलं की एसटी बंद पडली. तिने विचारलं, “गार असताना का गरम झाल्यावर?”

दरम्यान लोकांत नाव झालं की जुन्नरच्या चाचांचं काम उकळत्या पाण्यात तपासलेलं असतं. कॅनवाले कौतुक करतात. हे ऐकलं की मला आणखी वैताग येतो. माझ्या खोटेपणातून काही चांगलं निघालं असं म्हणण्याची सोय मला नको आहे. दुधाच्या कॅनला उकळत्या पाण्याची काही गरज नाही. तो माणूस सात वर्षं, कॅनमागे अर्धा तास, वाफेत हात घालून उभा आहे, कारण एका सकाळी मला दोन आटे कबूल करता आले नाहीत. आणि पाइप तो पुन्हा बनवत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, ते काम मला जमलं नाही.

त्यांना ते जमलं होतं. हे माझ्या हातून लिहून राहू द्या. त्या गाडीवर एकच काम नीट झालेलं होतं, ते त्यांचं.

हे छापून आलं तर कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. पण ते सांगणं नव्हे. ते मला समोर बसून करायचं होतं.

परवा आळेफाट्याहून काडी बसवलेला चष्मा घालून मी तसाच जुन्नरला गेलो. त्या फिटरचं वाक्य कानात होतं. दुकानात चाचा एकटेच होते. गिऱ्हाईक नाही, मोबाईल नाही, ईद नाही. टाकी उकळत होती. आता त्यांना वाफेत नीट दिसत नाही, चिमटा हातभर बाजूला जातो. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. वाक्यं मी येताना गाडीत जुळवून ठेवली होती, तीनच होती: चाचा, तुमचा टाका सुटला नव्हता. नट मी आवळला होता. मला माफ करा.

ते माझ्याकडे वळले, चिमटा तसाच हातात. “बोला, मिस्तरी.”

मी म्हणालो, “पाणी लई तापलंय, चाचा. हात संभाळा.”